छायाचित्र सर्वांचे, मोल चौकटीचे : व्हाइट हाउसच्या जुन्या लाकडाचा इतिहास

एखाद्या ऐतिहासिक वास्तूचे छायाचित्र त्याच वास्तूतून निघालेल्या लाकडाच्या चौकटीत बसवलेले असेल, तर संग्राहकांच्या दृष्टीने त्याचे मोल वाढते. अमेरिकेच्या अध्यक्षांचे निवासस्थान असलेल्या व्हाइट हाउसच्या लाकडापासून घडवलेल्या चौकटी हे याचे ठळक उदाहरण आहे. अशा वस्तूंमध्ये छायाचित्रापेक्षा चौकटीची सत्यता हाच कळीचा मुद्दा ठरतो.

ब्रिटिश सैन्याने ऑगस्ट १८१४ मध्ये व्हाइट हाउस जाळले. त्यानंतर १८१७ पर्यंत ते पुन्हा राहण्याजोगे करण्यात आले. आतील लाकडी सांगाडा मुख्यतः याच काळातील होता. पुढे पाण्याचे नळ, गॅस आणि वीज आणताना तुळया ठिकठिकाणी कापल्या गेल्या. १९२७ मध्ये छत बदलून तिसरा मजला वाढवण्यात आल्याने जुन्या भिंतींवरील भारही वाढला. अखेर १९४८ मध्ये अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांची कन्या मार्गारेट यांच्या पियानोचा पाय जमिनीतून आरपार गेला आणि वास्तू धोकादायक झाल्याचे स्पष्ट झाले.

ट्रुमन यांनी नोव्हेंबर १९४८ मध्ये समोरच्या ब्लेअर हाउसमध्ये मुक्काम हलवला. पंतप्रधान जवाहरलाल नेहरू ऑक्टोबर १९४९ मध्ये प्रथमच अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले, तेव्हाही अध्यक्षांचे निवासस्थान तेथेच होते. त्याच वर्षी अमेरिकी संसदेने नूतनीकरणासाठी आयोग स्थापन केला. दगडी बाह्य भिंती कायम ठेवून आतील भाग पूर्णपणे उतरवण्यात आला आणि पोलादी सांगाडा उभारण्यात आला. २७ मार्च १९५२ रोजी ट्रुमन पुन्हा व्हाइट हाउसमध्ये परतले.

या कामाची छायाचित्रे नॅशनल पार्क सर्व्हिसचे छायाचित्रकार अ‍ॅबी रो यांनी टिपली. पोकळ झालेल्या भिंतींच्या आत माती उपसणारा बुलडोझर हे त्यांतील विशेष प्रसिद्ध दृश्य. भिंतीला मोठे भगदाड पाडण्यास ट्रुमन यांनी नकार दिल्याने तो बुलडोझर सुटा करून आत नेण्यात आला होता. ही छायाचित्रे सरकारी कर्मचाऱ्याने कर्तव्याचा भाग म्हणून काढलेली असल्याने अमेरिकी कायद्यानुसार त्यांना कॉपीराइट लागू नाही. त्यांची प्रत कोणीही काढू शकतो. मूळ काळातील प्रत नसेल, तर वस्तूची दुर्मीळता चौकटीच्या लाकडातच उरते.

हे लाकूड मात्र मर्यादित आहे. जुन्या तुळयांपैकी काहींपासून तळमजल्यावरील दालनांची भिंतींवरील तावदाने घडवण्यात आली. आयोगाने विटा, दगड, खिळे आणि सभाध्यक्षाची हातोडी बनवण्याइतके पाइनचे लाकूड माफक किमतीत नागरिकांना स्मृतिचिन्ह म्हणून विकले. उरलेल्या ऐवजाचा मोठा भाग फोर्ट मायर येथील भरावात गेला. शतकाहून अधिक काळातील कारागिरी अशा रीतीने मातीआड झाल्याची खंत वास्तुवारशाचे अभ्यासक व्यक्त करतात.

आयोगाने स्मृतिचिन्हांसोबत धातूची छोटी पट्टी दिली होती. हे व्हाइट हाउसमधून १९५० मध्ये काढलेले मूळ साहित्य आहे, अशा अर्थाचा मजकूर तीवर कोरलेला असे. मात्र पट्टी एका वस्तूवरून काढून दुसरीवर बसवता येते. त्यामुळे केवळ तिच्यावर विसंबणे धोक्याचे ठरते. आयोगाचा पत्रव्यवहार, मूळ खरेदीदारापासून आजच्या मालकापर्यंतची हस्तांतरणाची नोंद आणि लाकडाची जात या बाबी एकत्रितपणे तपासाव्या लागतात. वाढीच्या वलयांवरून लाकडाचे वय काढता येते. परंतु चौकटीच्या अरुंद पट्टीत त्यासाठी पुरेशी वलये बहुधा मिळत नाहीत. शिवाय लाकूड जुने असल्याचे सिद्ध झाले, तरी ते कोणत्या इमारतीचे होते हे त्यातून ठरत नाही.

जतनाचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. लाकडातून बाहेर पडणाऱ्या आम्लयुक्त वाफांमुळे छायाचित्रातील चांदीची प्रतिमा फिकी पडू शकते. म्हणून चौकट आणि छायाचित्र यांच्यामध्ये आम्लविरहित पुठ्ठा व संरक्षक थर असावा, अतिनील किरणे रोखणारी काच वापरावी आणि चौकट दमट भिंतीपासून दूर ठेवावी. मूळ प्रत स्वतंत्रपणे जपून चौकटीत तिची नक्कल लावणे अधिक सुरक्षित ठरते. चौकटीमागील लेबले, खिळे व जुना कागद काढून टाकू नये, कारण सत्यता पडताळताना तोच पुरावा उपयोगी पडतो.