हेलिकेज
डीएनएच्या रेणूवरून एकाच दिशेने सरकत त्याचे दोन पेड सुटे करणारी विकरे. एश्चेरिकिया कोलाय या जीवाणूत त्यांचा शोध 1976 मध्ये लागला. सरकण्याची ऊर्जा एटीपीच्या विघटनातून मिळते. पीसीआरए या हेलिकेजाला एटीपी जोडला गेला की त्याचे दोन प्रभाग जवळ येतात, विघटन झाले की दूर होतात. प्रत्येक वेळी एका प्रभागाची पकड घट्ट तर दुसऱ्याची सैल असते, आणि विकर अळीसारखे एकेक बेस पुढे जाते.

सर्वांत थक्क करणारे उदाहरण आरईसीबीसीडीचे. तुटलेल्या डीएनएच्या टोकाशी बसणाऱ्या या संकुलात दोन मोटारी असतात. डीएनएचे पेड परस्परविरुद्ध दिशांचे. त्यामुळे एक मोटर 3′ कडून 5′ कडे आणि दुसरी 5′ कडून 3′ कडे चालते. तरीही संकुल एकत्रच पुढे सरकते, तेही सेकंदाला सुमारे 1,000 बेसजोड्या या वेगाने! वाटेत ‘काय’ नावाचा आठ बेसांचा क्रम आला की ते काही सेकंद थबकते आणि मग जवळजवळ निम्म्या वेगाने निघते. एकेका रेणूची चाल 2001 मध्ये प्रत्यक्ष पाहता आली.

माणसात डब्ल्यूआरएन या हेलिकेजाचे जनुक बिघडल्यास अकाली वार्धक्य आणणारा वर्नर संलक्षण हा आजार होतो.