रेणूंचें गणित व फिरते पंडित

न्याय-व्याकरणासाठीं काशीची वाट धरणारा विद्यार्थी घरीं परतला, म्हणजे त्याच्याबरोबर एका गुरूची परंपरा दुसऱ्या गांवीं जात असे. आधुनिक विज्ञानांत हेंच काम डॉक्टरेटनंतरच्या अल्पमुदतीच्या संशोधनजागा करितात. पदवी हातीं असते, कायमची नोकरी मात्र नसते. थोड्या वर्षांचें वेतन आणि परक्या प्रयोगशाळेंतील एक टेबल एवढाच आधार. सजीवांतील रेणूंचें वर्तन गणकयंत्रावर मांडणारें शास्त्र अशा जागांच्या आश्रयानें कसें वाढलें, हें ऐकण्यासारखें आहे.

इस्रायलमधील वाइझमन संस्थेंत श्नेयोर लिफ्सन यांच्या मार्गदर्शनाखालीं एक पद्धति तयार झाली. अणु म्हणजे गोळे व त्यांना जोडणारे बंध म्हणजे स्प्रिंगा असें कल्पून रेणूची ऊर्जा मोजावयाची. १९६७-६८ च्या सुमारास आर्ये वॉर्शेल व मायकेल लेव्हिट हे तरुण तेथील ‘गोलेम’ नांवाच्या गणकयंत्रावर हें गणित करीत. पद्धति सुटसुटीत खरी. परंतु बंध तुटतांना किंवा प्रकाश शोषला जातांना इलेक्ट्रॉनांचें काय होतें, हें स्प्रिंगांच्या हिशेबांत बसत नाहीं. त्यासाठीं पुंजयामिकी लागते, आणि तिचें गणित मोठ्या रेणूस लावूं गेल्यास आवांक्याबाहेर जातें.

हार्वर्डचे मार्टिन कार्प्लस या दुसऱ्या विद्येंत निष्णात होते. १९३८ सालीं व्हिएन्नाहून परागंदा झालेल्या ज्यू कुटुंबांतील हे गृहस्थ. डॉक्टरेटनंतर १९५३ ते १९५५ पर्यंत तेही ऑक्सफर्ड येथें संशोधनवृत्तीवर राहिले होते. डॉक्टरेट मिळाल्यावर वॉर्शेल त्यांच्याकडे तशाच तात्पुरत्या जागेवर गेले, आणि दोन विद्यांची गांठ पडली. १९७२ सालीं दोघांनीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत रेणूच्या कांहीं इलेक्ट्रॉनांस पुंजयामिकीचें गणित व उरलेल्या सांगाड्यास स्प्रिंगांचा हिशेब लाविला होता. पुढें वॉर्शेल व लेव्हिट यांनीं पुन्हां एकत्र येऊन १९७६ सालीं हाच मार्ग लायसोझाइमपर्यंत नेला. जंतूंचें कवच फोडणारें हें प्रथिन आपल्या अश्रूंत व अंड्याच्या पांढऱ्या बलकांत असतें. या कार्याबद्दल कार्प्लस, लेव्हिट व वॉर्शेल यांना २०१३ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

देशांतर घडलें नसतें, तर या दोन विद्या कदाचित् आपापल्या घरींच राहिल्या असत्या. परंतु १९७२ चें बीज फळास येण्यास १९७६ साल उजाडलें, हेंही विसरतां कामा नये. एवढ्या काळास एका नेमणुकीची मुदत बहुधा पुरत नाहीं. आज औषधांच्या शोधांतही हें गणित वापरलें जातें. तें करणारे अनेक तरुण मात्र दर दोन-तीन वर्षांनीं बिऱ्हाड हलवीत असतात. विद्येनें फिरावें, हें योग्यच. पण ती वाहून नेणाऱ्यास पुढच्या मुक्कामाची खात्री देणें, हें तिचा लाभ घेणाऱ्या समाजाचें कर्तव्य आहे.