दीड घटकेची उधारी

१९९६च्या डिसेंबरात मी दिगबोईला होतो. आसामच्या पार पूर्वेकडच्या टोकाला, तिनसुकिया जिल्ह्यात. फौजेची नोकरी, आठवड्यातून एकदा घरी फोन. शाहूवाडीकडच्या आमच्या वाडीत फोन नव्हता, म्हणून बाजाराच्या दिवशी आई मलकापुरात ओळखीच्या दुकानात येऊन बसायची. वेळ ठरलेली, संध्याकाळी पाच. बूथवर जाताना मी हातात बॅटरी घ्यायचो, कारण सूर्य सव्वाचारलाच मावळलेला. इकडं आई म्हणायची, "लवकर बोल बाबा, दिस कासराभर वर हाय, मला अजून म्हसरं आणायची हाईत." मी सांगायचो, "आये, हितं काळोख पडलाय." तिला ते कधी पटलं नाही. मी उगाच काहीतरी सांगतोय, असंच तिला वाटायचं.

घड्याळ दोघांचंही बरोबर होतं. भारताची वेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ रेखांशावर बेतलेली. दर रेखांशाला चार मिनिटं. शाहूवाडी ७४ रेखांशाच्या किंचित अलीकडे, म्हणजे आमच्याकडे सूर्य डोक्यावर येतो तो साडेबारा उलटून गेल्यावर. दिगबोईत तो सव्वाअकराच्याही आधी. जुन्या हिशेबात घटका चोवीस मिनिटांची. आमचं घड्याळ सूर्याच्या जवळजवळ दीड घटका पुढे धावतं. फुकटात मिळालेली ही संध्याकाळ कुणाच्या लक्षातही येत नाही.

१ जानेवारी १९०६ला ही प्रमाणवेळ लागू झाली. त्याआधी गावोगावी आपापली वेळ होती. कोल्हापूरला १८९१मध्ये रेल्वे आली, पण रेल्वेची वेळ मद्रासची. म्हणजे स्टेशनातलं घड्याळ शहरातल्या दुपारच्या वीस-पंचवीस मिनिटं पुढे. मुंबईने तर नव्या वेळेविरुद्ध भांडण काढलं. तिथली स्वतःची वेळ प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे होती. गिरणीकामगार बिथरले, महापालिकेने जुनी वेळ सोडली नाही, ती स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं चालवली. शाहूवाडीत या भांडणाची झळ लागायचं कारणच नव्हतं. इथं सावली पायात आली की दुपार, औत सुटलं की न्याहारी. पंचाईत व्हायची ती आषाढात. आंबा घाटाच्या अंगाला पाऊस लागला की आठ-आठ दिवस सूर्याचं तोंड दिसत नाही. मग कोंबडं, शाळेची घंटा आणि रत्नागिरीची एसटी, एवढ्यावर दिवस मोजायचा. एसटी घाटात अडकली की गावाची वेळही अडकायची! १६६०च्या आषाढात पन्हाळ्याहून निघालेल्या शिवाजी महाराजांच्या माणसांनीही वेळ ओळखली ती विशाळगडाच्या तोफांवरून, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो.

दुसऱ्या महायुद्धात सरकारने घड्याळं आणखी एक तास पुढे ढकलली, १९४२ ते १९४५. आजी सांगायची, तलाठी त्या घड्याळातल्या बाराला दुपार म्हणायचा आणि बाया हसायच्या. हसणारच. सूर्य डोक्यावर येईपर्यंत घड्याळात दीड वाजून जायचा.

दिगबोईत मात्र कुणी हसत नव्हतं. जूनमध्ये तिथं पहाटे सव्वाचारला सूर्य उगवतो; कचेऱ्या उघडेपर्यंत निम्मा दिवस संपलेला. चहाच्या मळ्यांनी यावर ब्रिटिश काळातच तोड काढली: घड्याळ एक तास पुढे. त्याला 'बागान टाइम' म्हणतात. पहिल्यांदा मळ्यातल्या एका माणसाला वेळ विचारली तेव्हा त्यानेच मला उलटं विचारलं, "कौनसा टाइम, बागान का?" मला गंमत वाटली. नंतर कळलं, ही सोय आधी मळेवाल्यांची होती. उजेड असेतो पाती तोडून घ्यायची, तर भोंगा लवकर वाजलेला बरा. मजुराचं भलं त्यात झालंच असेल तर ते ओघाने. १९५१च्या मळेकामगार कायद्यातही मळ्यांसाठी स्थानिक वेळ ठरवायची तरतूद होती.

२०१४मध्ये मुख्यमंत्री तरुण गोगोईंनी सगळ्या आसामसाठी वेगळी वेळ मागितली. २०१८मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी देशात दोन वेळा ठेवाव्यात असं सुचवलं. पूर्वेकडची तासभर पुढची. रेल्वेचे सिग्नल घोटाळ्यात पडतील, लोकांना वेगळेपणाची भावना होईल, अशा हरकती निघाल्या. पश्चिमेकडून बोलणाऱ्यांनी हे जरा जपून बोलावं असं मला वाटतं. दिवेलागणीला आमच्या पदरात दीड घटका जास्तीची पडते. सव्वाचारला दिवा लावणाऱ्याला धीर धरायला सांगणं आपल्याला सोपं जातं.

आई गेली. वाडीत आता प्रत्येकाच्या हातात फोन आहे. दिगबोईचे जुने सहकारी कधी व्हिडिओ कॉल करतात, तेव्हा त्यांच्या मागची काळीकुट्ट खिडकी आणि माझ्या अंगणातलं पिवळं ऊन एकाच पडद्यावर दिसतं. देशाचं घड्याळ अजून एकच आहे. मळ्यांचं तासभर पुढे.