अंक आणि त्याचें माप

नाशिकजवळील पांडवलेण्यांच्या दहाव्या लेण्यांत क्षहरात क्षत्रप नहपान याचा जांवई उषवदात याचा दानलेख आहे. सुमारें १९०० वर्षांपूर्वींच्या या लेखांत देवब्राह्मणांस दिलेल्या ७०,००० कार्षापणांची नोंद आढळते. ती तेवढ्यावर थांबत नाहीं. ३५ कार्षापणांचा एक सुवर्ण या दरानें ही रक्कम २,००० सुवर्णांची होते, हेंही दगडांत कोरलेलें आहे. त्या नाण्यांचें चलन केव्हांच संपलें. तरी वाचणारास आंकड्याबरोबर त्याचें माप आजही मिळतें. मापावांचून आंकडा म्हणजे अर्धाच मजकूर होय. विसाव्या शतकांत संगणकाच्या भाषा घडविणारांपुढें हाच प्रश्न नव्या रूपानें उभा राहिला.

१९७२ च्या सुमारास अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत डेनिस रिची यांनीं पीडीपी-११ या यंत्रावर 'सी' ही भाषा सिद्ध केली. तींतील साध्या पूर्णांकास 'इंट' म्हणतात. त्या यंत्रावर इंटची कोठी १६ बिटांची होती. तींत ३२,७६७ हून मोठा अंक मावत नसे. त्याहून मोठ्या अंकांसाठीं 'लाँग' ही दुप्पट कोठी असे. पुढें १९७७-७८ मध्यें ही भाषा इंटरडेटा ८/३२ या यंत्रावर नेण्यांत आली, तेव्हां तेथें इंटच ३२ बिटांचा झाला. नांव तेंच राहिलें, माप मात्र बदललें.

सी भाषेंत अंक छापण्याचें काम 'प्रिंटएफ' करतें. त्यास अंक द्यावयाचा आणि तो कसा वाचावा याची खूण वेगळी द्यावयाची: '%डी' ही इंटची, '%एलडी' ही लाँगची. अंकाचा प्रकार त्याच्यापर्यंत पोंचत नाहीं. सारी भिस्त खुणेवर असते. उषवदाताचेच आंकडे घेऊं. महाराष्ट्रांतील महाविद्यालयांत पुष्कळ वर्षें शिकविल्या गेलेल्या १६ बिटांच्या टर्बो सीमध्यें ७०,००० हा लाँग व २,००० हा इंट घेऊन दोहोंस '%डी' हीच खूण दिली, तर पडद्यावर ४,४६४ आणि १ हे अंक उमटतात. ७०,००० मधून ६५,५३६ वजा जातां ४,४६४ उरतात. हा लाँगचा खालचा अर्धा भाग. वरच्या अर्ध्यांतील १ दुसरी खूण उचलते, आणि २,००० सुवर्ण वाचलेच जात नाहींत! ३२ बिटांच्या यंत्रावर हाच मजकूर बिनचूक छापला जातो. दोष दडून राहतो तो यामुळेंच.

१९८९ च्या अमेरिकी मानकानें इंट निदान १६ व लाँग निदान ३२ बिटांचा असावा, असें ठरविलें. वरची मर्यादा मोकळीच राहिली. ६४ बिटांचीं यंत्रें रूढ झालीं तेव्हां लिनक्सवर लाँग ६४ बिटांचा झाला, विंडोजवर ३२ बिटांचाच राहिला. म्हणून ६४ बिटांच्या अंकास '%एलडी' ही खूण एकीकडे जुळते, तर दुसरीकडे चुकते. यावर १९९९ च्या मानकानें उपाय योजिला. 'इंट६४_टी' सारख्या नांवांतच माप आलें, आणि त्यास जुळणारी 'पीआरआयडी६४' ही खूण मिळाली. ज्या यंत्रावर कार्यक्रम सिद्ध होतो, त्याला योग्य तीं अक्षरें ती स्वतःच पुरविते. अलीकडचे कंपायलर तर सांगितल्यास बेजोड खुणांविषयीं आधींच इशारा देतात.

मात्र तो इशारा मानणें लिहिणाराच्या हातीं आहे. ज्याचा हिशेब दुसऱ्याच्या घरीं वाचला जावयाचा आहे, त्यानें आपल्या घरचें माप साऱ्या जगाचें समजूं नये.