१४. गिरणेचा डोह

१४. डोह : नदीपात्रातला खोल, उन्हाळ्यातही सहसा न आटणारा भाग. गिरणा सुरगाणा तालुक्यात सह्याद्रीत उगम पावते. मालेगावला तिला मोसम मिळते. चैत्रात मासळी डोहात एकवटते असे लेखक म्हणतो. का? पाणी आटते म्हणून, हे उत्तर खरे, पण अर्धेच. उथळ धार दुपारी तापते आणि तापल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो : २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसातच. माशाची गरज मात्र उष्म्याबरोबर वाढते. डोहात वाळूतून झिरा येत असेल तर तिथले पाणी त्या मानाने गार राहते. अलास्कातला सामन मासाही उन्हाळ्यात असेच गार झरे धरून राहतो. सामन थंड पाण्याचा, विशीच्या वर पारा गेला की कासावीस होणारा. आपले मासे तिशी सहज सोसतात, तेव्हा ही तुलना ओढूनताणून केलेली वाटेल. पण फरक मर्यादेचा आहे, प्राणवायूचे गणित तेच. अपवाद मरळीचा : ती पृष्ठावर येऊन हवा घेते, गढूळ कोमट डबक्यातही तगते, म्हणून मरळ दिसली एवढ्यावरून डोह धड आहे असे मानता येत नाही. आता गिरणेवर चणकापूर आणि मोसमवर हरणबारी धरण आहे, उन्हाळ्यातले पाणी आवर्तनाने येते, वाळूचा उपसाही झाला आहे. आजच्या पात्रावरून वाचकाने हे वर्णन पारखू नये. — संपा.