तोंड अचानक वाकडं झालं तर तेल-मसाज नको, आधी दवाखाना. चेहऱ्याचा वाकडेपणा कशाने येतो, उपचार काय?

सोलापूर : सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या एका कडेनं सांडतं, एक डोळा मिटत नाही, हसलं की तोंड एकीकडं ओढलं जातं. गावाकडं याला ‘तोंडावरून वारं गेलं’ म्हणतात. मग तेल लावणं, शेकणं, झाडपाला बांधणं यात दोन-चार दिवस जातात. उपचाराचा खरा फायदा मात्र याच दिवसांत होतो.

थोडा फरक सगळ्यांनाच असतो

कोणाचाच चेहरा दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखा नसतो. आपण आरशात स्वतःला उलटं पाहतो, फोटोत सुलटं दिसतो, म्हणून फोटोतला चेहरा वाकडा वाटतो. मोबाईल तोंडाजवळ धरून सेल्फी काढली की नाकही मोठं दिसतं. लहानपणापासून असलेल्या अशा किरकोळ फरकाला उपचाराची गरज नसते.

अचानक वाकडं झालं तर

याची दोन मुख्य कारणं आहेत.

१) पक्षाघात (लकवा) : मेंदूचा रक्तपुरवठा अडतो किंवा मेंदूत रक्तस्राव होतो. तोंडासोबत हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, चालताना तोल जाणं अशी लक्षणं दिसतात. गाठ विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅन करून. करमाळा, माळशिरसच्या टोकाच्या गावातून सोलापूरला पोचायलाच दोन तासांहून जास्त लागतात. म्हणून लगेच १०८ ला फोन करावा. त्रास किती वाजता सुरू झाला ते लक्षात ठेवावं. रुग्णाला पाणी, चहा किंवा घरातली गोळी देऊ नये.

२) बेल्स पाल्सी : चेहऱ्याच्या नसेला सूज येते. यात हाता-पायाची ताकद जात नाही. त्या बाजूच्या कपाळावर आठ्या पडत नाहीत आणि डोळा मिटत नाही. पक्षाघातात बहुतेक वेळा कपाळाला आठ्या पडतात. मात्र ही खूण बघून घरीच निदान करू नये, ते डॉक्टरांनीच करावं.

बेल्स पाल्सीत स्टेरॉइडच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर बरं होण्याची शक्यता वाढते. या गोळ्यांनी साखर वाढते, त्यामुळे मधुमेह असेल तर डॉक्टरांना आधी सांगावं. गरोदर असल्यास किंवा कानात फोड आले असल्यास तेही सांगावं. दहापैकी सात-आठ रुग्ण काही आठवड्यांत ते सहा महिन्यांत पूर्ण बरे होतात. झाडपाल्यानं गुण आला असं वाटतं, ते बऱ्याचदा यामुळेच.

डोळ्याची काळजी सगळ्यात महत्त्वाची. उघडा डोळा कोरडा पडून बुबुळाला जखम होऊ शकते. डॉक्टरांनी दिलेले थेंब टाकावेत, रात्री डोळा मिटवून पट्टी लावावी, शेतात धुळीत जाताना चष्मा घालावा. व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून हळुवार करावेत.

हळूहळू वाकडा होत असेल तर

- लहान मूल हनुवटीवर पडलं असेल तर जबड्याच्या सांध्याला मार बसून एका बाजूची वाढ खुंटू शकते. तोंड कमी उघडत असेल तर लगेच दाखवावं.
- बाळाची मान सतत एकीकडंच कलत असेल तर लवकर व्यायाम सुरू केल्यास फायदा होतो.
- गालाला एका बाजूनं सूज असेल तर ते दाढेतल्या पूमुळं असू शकतं. मावा, गुटखा, तंबाखू खाणाऱ्याच्या तोंडात गाठ किंवा दोन-तीन आठवडे न भरणारी जखम असेल तर कॅन्सरची तपासणी करावीच.
- दात वेडेवाकडे असतील तर तारा लावून सुधारता येतात. जबडाच वाकडा असेल तर बहुधा वाढ पूर्ण झाल्यावर, साधारण अठराव्या वर्षानंतर शस्त्रक्रिया करतात.

फिलरच्या इंजेक्शननं गाल सारखे दिसतात, पण परिणाम काही महिने ते दीड-दोन वर्षंच टिकतो. हे काम त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जनचं आहे, पार्लरचं नाही.

जन्मतः ओठ दुभंगलेला असेल तर

ग्रहणात सुरी धरली म्हणून ओठ फाटतो, हा गैरसमज आहे. यात आईचा दोष नसतो. ओठाची शस्त्रक्रिया साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात, टाळूची नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान करतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी व पुढचे उपचार मोफत आहेत. २०१३ मध्ये पालघर येथून हा कार्यक्रम सुरू झाला. अंगणवाडी आणि शाळेत येणाऱ्या पथकाला किंवा आशाताईंना सांगावं.

कुठे जायचं?

आधी जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय. पुढच्या उपचारासाठी सोलापूरचं सिव्हिल, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय. पक्षाघाताची शंका असेल तर मात्र थेट १०८. जाताना आधार कार्ड, रेशनकार्ड सोबत ठेवावं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतात का, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारावं. फक्त सुंदर दिसण्यासाठीची शस्त्रक्रिया योजनेत बसत नाही.