टांगानिका : तीन मतांची सक्ती आणि एका पक्षाचा अस्त

१/ फेब्रुवारी १९५६. टांगानिका, म्हणजे आजच्या टांझानियाचा मुख्य भूभाग, संयुक्त राष्ट्रांच्या विश्वस्त व्यवस्थेनुसार ब्रिटनच्या कारभाराखाली होता. तेथे ‘युनायटेड टांगानिका पार्टी’ (यूटीपी) स्थापन झाली. आफ्रिकी, आशियाई व युरोपीय अशा तिन्ही समाजांना तिची दारे खुली होती. काही वर्षांतच ती नामशेष झाली.

२/ तिचा प्रतिस्पर्धी होता ज्युलियस न्येरेरे यांचा ‘टानू’ (स्थापना १९५४). त्याचे सदस्यत्व तेव्हा फक्त आफ्रिकींना मिळे. वरवर पाहता यूटीपीच अधिक उदार वाटते. मग जनतेने तिला का नाकारले?

३/ उत्तर कायदेमंडळाच्या रचनेत आहे. १९५५ पासून ३० बिनसरकारी जागा तीन समाजांत प्रत्येकी १० अशा वाटल्या होत्या. प्रत्यक्षात आफ्रिकी ८० लाखांहून अधिक, आशियाई लाखाच्या आत आणि युरोपीय सुमारे २० हजार! गव्हर्नर एडवर्ड ट्वायनिंग या व्यवस्थेचे पुरस्कर्ते होते आणि यूटीपीला त्यांचा आशीर्वाद होता. ही समता वंशांची होती, माणसांची नव्हे.

४/ १९५८-५९ च्या निवडणुकीत मताधिकारासाठी उत्पन्न, शिक्षण वा पद यांची अट होती. शिवाय प्रत्येक मतदाराने तिन्ही वंशांच्या एकेका उमेदवाराला मत देणे सक्तीचे होते. टानूमध्ये बहिष्काराची मागणी जोर धरू लागली.

५/ जानेवारी १९५८ मध्ये ताबोरा येथील अधिवेशनात न्येरेरे यांनी निवडणूक लढवण्याचा निर्णय मंजूर करून घेतला. त्याची किंमतही मोजावी लागली : झुबेरी म्तेम्वू यांनी पक्ष सोडून स्वतंत्र पक्ष काढला.

६/ टानूने आता सक्तीलाच साधन बनवले. आफ्रिकी मतदारही आशियाई व युरोपीय प्रतिनिधी निवडणार होते. तेव्हा पक्षाने त्या जागांवर सोफिया मुस्तफा, अमीर जमाल, डेरेक ब्राइससन अशा सहानुभूतीदारांना पाठिंबा दिला. टानूच्या बाजूने प्रचंड कौल लागला. यूटीपीचे राजकारण तेथेच संपले.

७/ ९ डिसेंबर १९६१ रोजी टांगानिका स्वतंत्र झाला. जमाल व ब्राइससन न्येरेरे यांच्या मंत्रिमंडळात होते. पुढे टानूचे सदस्यत्वही सर्व वंशांच्या नागरिकांना खुले झाले. यूटीपीने वंशांना समान वाटा देऊ केला होता. मतदारांनी मात्र वंश न मोजणारे नागरिकत्व मागितले.